दीड दिवसाचं महाबळेश्वर

मंडळी, एक सोपा प्रश्न. शेवटचं महाबळेश्वरला गेला होतात तेव्हा किती पॉइंट बघितलेत? आणि त्यातल्या किती पॉइंटांची नावं आत्ता, फोनमध्ये न बघता, सांगता येतील? मी स्वतःला हा प्रश्न विचारला तेव्हा अकरापैकी चार आठवली. त्यातल्या एका ठिकाणचं तर फक्त मक्याचं कणीस आठवत होतं.

पुण्यात राहून संगणकावर पोट भरणाऱ्या माणसाच्या सहली दीड दिवसाच्याच असतात, गणपतीसारख्या. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत कुणाचा तरी कॉल, शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरवून साडेआठला निघायचं, रविवारी संध्याकाळी परत फिरायचं, कारण सोमवारी सकाळी पुन्हा तेच. ह्या दीड दिवसाबद्दल आम्ही लोक सतत रडत असतो. ‘काही बघूनच होत नाही रे!’ माझं मत उलटं आहे. दीड दिवस पुरतो, चांगला भरपूर पुरतो. फक्त तिथे जाऊन एकच गोष्ट करायची ठरवावी आणि बाकीच्या पंधरा गोष्टींवर खुशाल पाणी सोडावं. हे मत मला फुकटात मिळालेलं नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

डिसेंबर २०१९. त्या वर्षीच्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला होता. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीकर माणसं वर्षं अशी फुटांत लक्षात ठेवतात. तळमजला पूर्ण पाण्यात, आई-बाबा वरच्या खोलीत अडकलेले, फोनची बॅटरी संपलेली, आणि मी पुण्यात बातम्यांचे चॅनल बदलत बसलेलो. दोन दिवसांनी बोटीतून त्यांना बाहेर काढलं. पुढे घर धुऊन झालं, भिंती वाळल्या, लग्नाचे अल्बम लगद्यासारखे झाले होते ते टाकून दिले. बाबा ह्या सगळ्याबद्दल फारसं बोलले नाहीत. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे कुठल्या धरणातून किती क्युसेक सोडले हे तारखेनिशी सांगायचे, पण तेवढंच.

डिसेंबरात ते अचानक फोनवर म्हणाले, "एकदा महाबळेश्वरला जाऊ या का? हिचं माहेर बघायचंय."

मला आधी वाटलं आईबद्दल बोलतायत. आईचं माहेर मिरजेत आहे. मग उजेड पडला.

आता मुलगा इंजिनियर असल्यावर काय होणार? मी एक्सेल शीट केली. दर पंधरा मिनिटांची एक ओळ. अंतरं नकाशावरून घेतली, कुठल्या क्रमाने गेलं तर कमी पेट्रोल जळेल ते काढलं. आमच्या धंद्यात ह्याला ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रश्न म्हणतात : सगळी गावं एकदा करायची, कमीत कमी फिरून. फार प्रसिद्ध, फार अवघड प्रश्न. मी तो बऱ्यापैकी सोडवला होता. सेल्समन व्हायचंय का, हे कुणाला विचारलं नव्हतं एवढंच.

शीटप्रमाणे पहिल्या दिवशी : विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट, नीडल होल, दुपारी लॉडविक, मग क्षेत्र महाबळेश्वर वीस मिनिटं, तिथून आर्थर सीट, आणि सनसेटला बॉम्बे पॉइंट. दुसऱ्या दिवशी प्रतापगड, वेण्णा लेक, पाचगणी, घर. प्रत्यक्षात वेण्णा लेकच्या अलीकडेच गाड्यांच्या रांगेत पाऊण तास गेला. मग मी प्रत्येक पॉइंटमधून पाच-पाच मिनिटं कापत सुटलो. बाबांचा गुडघा दुखरा, त्यांना पायऱ्या उतरायला वेळ लागायचा. ते कठड्यापर्यंत पोचायचे तेव्हा आम्ही फोटो काढून परत निघालेले असायचो.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात आम्ही पोचलो ते उशिराच. वीसाची दहा मिनिटं झाली होती. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, अशा पाच नद्या तिथे एकत्र येऊन गोमुखातून कुंडात पडतात अशी श्रद्धा. बाबांनी गोमुखाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, डोळ्यांना लावलं आणि त्या धारेकडे बघत म्हणाले, "एवढीच?"

मी म्हणालो, "बाबा, चला. सनसेट चुकेल."

सनसेट काही चुकला नाही. दोन-अडीचशे लोकांच्या डोक्यांच्या मागे कुठेतरी सूर्य बुडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या (सूर्यासाठी टाळ्या का वाजवतात हे मला आजवर कळलेलं नाही), आणि आम्ही अंधारात गाडी शोधत फिरलो. घरी येऊन मोजले तर ४१२ फोटो. आठवड्याने आई फोनवर सहज बोलून गेली, "छान झाली रे ट्रिप. यांना जरा बसायचं होतं तिथे, बाकी काही नाही."

हे ‘बाकी काही नाही’ मला पुढे बरेच महिने पुरलं. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद पडलं, आणि मग ‘परत जाऊ की, दोन-तीन तासांवर तर आहे’ हे वाक्य काही काळ कुणालाच म्हणता येईना.

थोडं विषयांतर करतो. हे ‘पॉइंट’ प्रकरण आलं कुठून? इंग्रज आले तेव्हा त्यांना इथे थंड हवा हवी होती. जनरल लॉडविक १८२४ मध्ये हा डोंगर चढून आला, १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने इथे वस्ती वसवली, म्हणून बाजारपेठेचं नाव माल्कम पेठ. मग साहेब लोक आणि त्यांच्या मडमा उन्हाळाभर इथे राहायच्या, आणि संध्याकाळी घोड्यावरून किंवा पायी एखाद्या कड्यापर्यंत फिरायला जायच्या. म्हणजे पॉइंट ही मुळात महिना-दोन महिने मुक्कामाला आलेल्या माणसांची रोजच्या फेरफटक्याची जागा. आज इकडे, उद्या तिकडे. त्या दोन महिन्यांच्या फेरफटक्यांची यादी आपण दीड दिवसात संपवायला निघतो आणि वर म्हणतो दमायला झालं.

टॅक्सीवाल्यांना दोष देऊ नका. त्यांच्याकडे ‘महाबळेश्वर दर्शन’, ‘प्रतापगड दर्शन’, ‘पाचगणी दर्शन’ असे ठरलेले मार्ग आणि ठरलेले दर असतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. एका चालकाने मला सांगितलं होतं, "साहेब, लोक पॉइंट मोजतात. एक कमी दाखवला तर पैसे कापतात. एका जागी दोन तास बसतो म्हणणारं गिऱ्हाईक मिळालं तर मी पण झोप काढीन की." त्याचं बरोबरच होतं. आपण फीचर मोजून सॉफ्टवेअर विकत घेतो, तसाच हा प्रकार.

तर दुसरी खेप. जानेवारी २०२३. ह्या वेळी मी दोनच गोष्टी केल्या. एक म्हणजे दिवस उलटे घेतले : रविवारी दुपारी निघालो, मंगळवारी सकाळी परत. दीडच दिवस, रजा सोमवारची एक आणि मंगळवारची अर्धी, पण सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत समोरून येणारी रांग बघत आम्ही उलट्या दिशेने रिकाम्या रस्त्याने चाललो होतो. त्या आनंदासाठी दीड रजा काहीच नाही. दुसरी गोष्ट, मुक्काम गावात न करता क्षेत्र महाबळेश्वरलाच एका घरात खोली घेतली. जेवण त्यांच्याचकडे. भाकरी, वांग्याची भाजी, आणि थंडीत हवंच असलेलं कडकडीत गरम पाणी. शीट केली नाही. म्हणजे खोटं कशाला बोलू, उघडली होती. त्यात एकच ओळ लिहिली, ‘बाबा म्हणतील तेवढा वेळ’, आणि बंद केली.

सोमवारी सकाळी लवकर आर्थर सीट. पार्किंगमध्ये आमची गाडी धरून तीन गाड्या. हा पॉइंट मी २०१९ मध्येही ‘केला’ होता, पण तिथे काय आहे ते ह्या खेपेला दिसलं. तुम्ही एका चिंचोळ्या धारेवर उभे असता. एका हाताला सावित्रीचं खोरं, खोल, सरळ कापल्यासारखं, खाली कोकण. दुसऱ्या हाताला जोरचं खोरं, म्हणजे कृष्णेचं, उथळ आणि हिरवं. इकडे पडलेला पावसाचा थेंब महाडवरून शे-सव्वाशे किलोमीटरांत अरबी समुद्रात जातो. दोन हात पलीकडे पडलेला थेंब वाई, कऱ्हाड, सांगली करत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र फिरून सुमारे १४०० किलोमीटर लांब बंगालच्या उपसागराला मिळतो. भूगोलात ‘जलविभाजक’ हा शब्द दोन मार्कांसाठी पाठ केला होता. तो इथे पायाखाली असतो.

समोरच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात. ते लाव्हाचे थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले. माझी लेक ते मोजत बसली. दहापर्यंत गेली, मग ढगाची सावली आली, मग पहिल्यापासून. असं तीनदा झालं. शीटमध्ये ह्या पॉइंटला पंचवीस मिनिटं होती, आणि मागच्या वेळी त्यातली अठरा पार्किंगमध्ये गेली होती.

जसजसं ऊन वाढलं तसा खालून वारा सुरू झाला. कोकणातली हवा तापते आणि कड्याला धडकून वर चढते. लोक इथे गंमत म्हणून प्लास्टिकची बुचं खाली टाकतात आणि ती वाऱ्याने परत वर येतात. (सगळी येत नाहीत. न आलेली खाली जंगलात आहेत. महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, पण बुचांना ते माहीत नसावं.) आम्ही एक वाळकं पान सोडलं. ते डोक्यावरून मागे गेलं. बाबा म्हणाले, हाच वारा पावसाळ्यात ढग घेऊन वर चढतो, म्हणून महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि खाली वाईत हजारसुद्धा नाही. तीस-बत्तीस किलोमीटरांत एवढा फरक! नोकरीभर हे आकडे त्यांनी रजिस्टरात लिहिले होते. पानाकडे बघत सांगताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

तिथून क्षेत्र महाबळेश्वरला परत. पंचगंगेच्या देवळात दर्शन घेतलं आणि मग घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं तिकडे, थोडंसंच पुढे, कृष्णाबाईच्या देवळात गेलो. जुनं काळ्या दगडाचं देऊळ, शेवाळलेलं, पुढे कुंड, गोमुखातून पडणारी धार, आणि समोर सगळं कृष्णेचं खोरं उघडं पडलेलं. पंचगंगेपासून चालत काही मिनिटं, पण फार कोणी फिरकत नाही. २०१९ च्या माझ्या अकरा पॉइंटांत ते नव्हतं.

बाबा कुंडाशी बसले. मी, बायको आणि लेक कठड्यावर. आई देवळाच्या सावलीत. पहिली वीस मिनिटं मला फार जड गेली, हे कबूल करतो. हात आपोआप फोनकडे जात होता. ‘आता काय?’ असं आतून कोणीतरी दर दोन मिनिटांनी विचारत होतं. मग कधीतरी ते विचारायचं थांबलं.

बाबा पुन्हा म्हणाले, "एवढीच." ह्या वेळी प्रश्न नव्हता. मग स्वतःच सांगायला लागले, वर सगळा जांभा आहे, स्पंजासारखा, पावसाळ्यात पाणी पितो आणि खाली कठीण दगड लागला की असा कुठूनतरी पाझरतो. नदी ह्या धारेने मोठी होत नाही. वेण्णा माहुलीला मिळते, कोयना कऱ्हाडला, वारणा आपल्या हरिपूरला. "इथे पाच जणी एकत्र म्हणतात. त्यातल्या तिघी आपल्या दारात परत एकत्र येतात. वारणा वेगळीकडून येते, ती चौथी."

आणि मग, त्याच सुरात, पाण्याकडे बघत : "तुझी आई निघू म्हणत होती. आदल्या दिवशीच. बोटवाली पोरं पण दारात आली होती. मी नाही म्हटलं. २००५ ला पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला थांबलं होतं. मी हिशोब केला, कोयनेचा विसर्ग एवढा, वारणेचा एवढा, म्हणजे येऊन येऊन पाचवी पायरी. रात्रभर जिन्यात पेन्सिलीने खुणा करत बसलो होतो. पाचवी गेली तरी मी म्हणत होतो आता थांबेल."

आई सावलीतून म्हणाली, "जाऊ द्या हो आता." तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. साडेतीन वर्षं मी समजत होतो की त्यांना कोणी न्यायला आलंच नाही, आणि त्यावरून यंत्रणेला शिव्या घालत होतो.

तिथे आम्ही दीड तास होतो. त्यानंतर बाबा उठले, ओंजळभर पाणी घेतलं आणि म्हणाले, "चला, भूक लागली."

आता काही वाचक विचारतील (मागे मित्रांनी विचारलंच आहे) की हे सगळं तुझ्या बाबांपुरतं ठीक, पण आम्ही नागपूरहून येतो, परत कधी येणार? एवढ्या लांब येऊन दोनच जागा बघायच्या? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जो परत येणार नाही त्याला तर यादी आणखीच महाग पडते. पुण्याचा माणूस चुकला तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करू शकतो. नागपूरकराच्या हाती ४१२ फोटोच उरतील.

लहान मुलांचं काय, हाही प्रश्न येतो. मुलं कंटाळतात हे खरं आहे, पण मुलांना पॉइंटांचाही कंटाळाच येतो, गाडीत चढ-उतर करून उलट्या होतात त्या वेगळ्या. त्यांना वेण्णा लेकला घोड्यावर बसवा, स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायला घाला, ह्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या लेकीला विचाराल तर ती अजूनही क्रीमला पहिला नंबर देईल, लाव्हाचे थर दुसरे. आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी वाटेत भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांतून मराठी पुस्तकं मांडून ठेवलेली असतात, बसून वाचा. मला एकदा तिथेच दीड दिवस घालवायचा आहे. बायकोचं म्हणणं, त्यासाठी एवढा घाट चढायची काय गरज, घरी वाच.

पावसाळ्यात जाणाऱ्यांना तर यादीचा काहीच उपयोग नाही. सगळ्या पॉइंटांवरून सारखंच पांढरं दिसतं. तरी लोक धुक्यात कठड्याशी उभं राहून एकेक पॉइंट ‘करतात’, पाटीचा फोटो काढतात आणि पुढे जातात. त्या दिवसांत खोलीची खिडकी हाच एक पॉइंट धरावा. तेवढ्यासाठी खिडकी बघून खोली घ्यावी. टीव्ही आहे का, हे विचारू नये.

आमच्या कंपनीतल्या एका पोराला मी हे सगळं ऐकवलं. तो पुढच्या शनिवारी महाबळेश्वरला चालला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमची ती एक्सेल शीट अजून आहे का?" पाठवून दिली. प्रत्येकाला आपापली पहिली खेप लागतेच.

प्रतापगड ह्या खेपेला राहिला. लिंगमळा राहिला. बॉम्बे पॉइंटचा सूर्य आमच्याशिवाय बुडाला. मंगळवारी सकाळी पसरणीच्या घाटात गाडी बाजूला घेऊन थर्मासमधला चहा प्यायलो, खाली वाई, धोमचं पाणी, कोवळं ऊन. बाबांनी बोट दाखवून नदी कुठून कुठे जाते ते लेकीला सांगितलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी कऱ्हाडला उतरू. प्रीतिसंगमावर. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, ते बघत बसायचं.

"किती वेळ?" मी विचारलं.

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "जेवणाची वेळ तेवढी लिहून ठेव. यांचं काही खरं नाही."